पाण्यापर्यंतचा खड्डा

करंजघाटच्या भोयांना तापीने आजवर पुष्कळ काही आणून दिलं होतं. पुरात वाहून आलेले सागाचे ओंडके, एकदा जिवंत वासरू, एकदा तर कुणाच्या लग्नातला मांडवाचा खांब, तोही तोरणासकट. पण त्या वर्षी दिवाळीची पणती विझून चार दिवस झाले नसतील, तेव्हा नदीने जे आणलं ते कुणाच्या आज्यापणज्यानेही पाहिलं नव्हतं. सकाळी बाया पाण्याला गेल्या तर काठ काळा. चुलीवरून उतरवलेल्या कढईला तळाशी जसा थर असतो, तसा चिकट, जाड थर रेतीवर बसलेला. त्याला वास रेल्वेच्या इंजिनासारखा.

वर पंधरा मैलांवर पुठ्ठ्याची मिल होती. तिच्या भट्टीच्या तेलाची टाकी रात्रभर गळत राहिली आणि नाल्यातून सगळं तेल नदीत आलं. तोटी कुणी उघडी ठेवली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कळून काही फरकही पडला नसता.

नवव्या दिवशी जळगावच्या यष्टीतून अभिमन मोरे उतरला. हातात पत्र्याची पेटी, काखेत बांबू, गळ्यात मोजपट्टी. तो सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला होता. पाणी तपासायचं, आकडे भरायचे, मान खाली घालून घरी जायचं, असं त्याचं बारा वर्षं चाललं होतं. चारचौघांत बोलायची वेळ आली की तो मागच्या रांगेत सरके. साहेबाने तेलाने भरलेल्या काठाची पाहणी करायला त्यालाच धाडलं, कारण पाहणीचा विलायती पद्धतीचा फॉर्म सबंध ऑफिसात फक्त त्यानेच पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचला होता. दुसरं कारण साहेबाला ठाऊक नव्हतं. करंजघाट हे अभिमनच्या फुईचं, म्हणजे आत्याचं, गाव होतं. आई गेल्यावर बेबाबाई फुईनेच त्याला पाचव्या वर्षापासून मॅट्रिकपर्यंत वाढवलं होतं, याच रेतीत.

काठावर झिपरू आबा बसला होता. वस्तीतला सगळ्यांत म्हातारा माणूस.

"काय शे रे त्या पेटीमा? नदीले देवानी गोळी?"

"बाटल्या आहेत, आबा. नमुने घ्यायचेत. आधी मोजायचं."

"मोजीसन काय व्हई, भो?"

अभिमनने पेटी रेतीवर टेकवली. त्याने फॉर्म काढला. काठाचे शंभर-शंभर मीटरचे तुकडे पाडायचे, दर तुकड्यात काळ्या पट्ट्याची रुंदी मोजायची, थर किती जाड ते पाहायचं, शेकडा किती भाग माखला ते लिहायचं. तो बांबू रोवत पुढे चालला आणि झिपरू आबा मागून. तिसऱ्या तुकड्याला अभिमन वाकून, डोळे बारीक करून अंदाज घेत होता तोच आबा म्हणाला, "बारा आना शे. लिखी ले."

आबाने जन्मभर तलाठ्याच्या मागे फिरून पिकाची आणेवारी ठरताना पाहिली होती. सोळा आणे म्हणजे भरगच्च, चार आणे म्हणजे विरळ. त्याच नजरेने तो आता काळ्याची आणेवारी करत होता. अभिमनने पट्टीने मोजून हिशेब केला. शेकडा चौऱ्याहत्तर भरले. त्याला हसू आलं. गेल्या नऊ दिवसांत त्या काठावर बहुधा पहिल्यांदाच कुणी हसलं असेल.

बेबाबाई घाटाच्या दगडावर उभी होती. काटक, उंच बाई, साठीला टेकलेली. तिने त्याच्या पेटीकडे पाहिलं नाही, बांबूकडे पाहिलं नाही. म्हणाली, "जेवना का?"

आणि मग, थोड्या वेळाने, भाकरीवर ठेचा वाढताना तिने विचारलं, "डांगर व्हई का रे आवंदा?"

सगळं त्या एका प्रश्नात होतं. नदी उतरली की पात्रात जो रेतीचा पट्टा उघडा पडतो, त्यावर करंजघाटचे भोई डांगरं, म्हणजे खरबुजं, लावत. या वस्तीला जमीन नव्हती. मासे नऊ दिवसांपूर्वीच पांढरी पोटं वर करून गेले होते. उरली होती ती रेती. डांगर झालं तर बेबाबाई स्वतःच्या दारात राहणार होती. नाही झालं तर सावद्याला केळीच्या गाड्या भरायला जावं लागणार, दुसऱ्याच्या वळचणीला. साठीच्या बाईला केळीचा घड खांद्यावर पेलवतो की नाही, हे मुकादम एका नजरेत ठरवतो.

"होईल, फुई," अभिमन म्हणाला. "साफ केलं तर होईल."

पुढचे पंधरा दिवस त्याला आयुष्यभर आठवत राहिले, कारण त्या पंधरा दिवसांत त्याचं म्हणणं लोकांनी ऐकलं होतं. मिलने चाळीस मजूर आणि एक ट्रॅक्टर पाठवला होता. त्यांचा मुकादम अमीनभाई नावाचा भुसावळचा माणूस, बोलायला गोड, पण या कामातलं त्याला काही ठाऊक नव्हतं. पाण्याच्या कडेला तरंगणारं तेल घमेल्याने उपसायला गेले की घमेल्यात पाणीच येई, तेल बाजूला सरके.

अभिमनने कुठल्याशा अहवालात वाचलं होतं की न धुतलेला कच्चा कापूस पाणी धरत नाही, तेल मात्र धरतो. पण वाचलेलं बोलून दाखवायचा त्याला धीर होईना. लोक हसले तर? शेवटी त्याने कुणाला न सांगता बादलीत पाणी घेतलं, वर काठावरचं तेल सोडलं आणि फुईच्या ओसरीवरच्या बोचक्यातला मूठभर कापूस त्यात टाकला. कापूस तरंगला. हळूहळू काळा झाला. बादलीतलं पाणी वरून उघडं पडलं, त्यात आभाळ दिसलं.

मागे कुंदाबाई उभी होती, शेजारीण. तिने ओरडून सगळी आळी गोळा केली. अमीनभाईने बादलीत बोट घालून पाहिलं. झिपरू आबा म्हणाला, "कापूसले अक्कल शे, भो. मिलवालासले नही." अमीनभाई म्हणाला, "आबा, सच बोला, पर मेरे सामने मत बोलो," आणि स्वतःच मोठ्याने हसला.

मग चोपड्याच्या जिनिंग गिरणीतून कचरा कापसाच्या गाठी आल्या. बायांनी जुन्या जाळ्यांत कापूस भरून लांबच लांब लोड केले आणि दोन्हीकडून धरून ते पाण्यावरून ओढले. पाण्याची कड आठ दिवसांत उजळली. रेतीवरचा थर फावड्याने खरवडून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरायचा, गोण्या काठावरच्या निंबाखाली रचायच्या आणि ट्रॅक्टरने मिलच्या खड्ड्यात नेऊन टाकायच्या, असं काम लागलं. बाया कोपरापर्यंत काळ्या. केस धुताना तिसऱ्या पाण्यालाही काळं निघे. पण वरचा आणि खालचा पट्टा साफ झाला. मधला तीनशे मीटरचा तुकडा तेवढा राहिला. तिथे रेती भुसभुशीत होती आणि तेल हातभर खाली झिरपलं होतं. अभिमनने फॉर्मवर त्या तुकड्यावर लाल खूण केली, अमीनभाईला तो दाखवला आणि ऑफिसात हजर व्हायचं म्हणून जळगावला गेला.

जाताना एक गोष्ट सांगायची तो विसरला. विसरला म्हणणंही खरं नाही. ती गोष्ट त्याच्या इतकी अंगवळणी पडलेली होती की ती सांगावी लागेल, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

करंजघाटला रेतीचा पट्टा कुणाच्या मालकीचा नाही. नदी दर वर्षी त्याचा आकार बदलते, म्हणून वाटे दर वर्षी नव्याने पडतात. प्रत्येक घराची जाळ्याला लावायची एक मातीची गोळी असते, तिच्यावर घराची खूण. सगळ्या गोळ्या घागरीत टाकायच्या आणि वस्तीतल्या वडीलधाऱ्या बाईने एकेक काढायची. कुठला वाटा कुणाला येईल, हे आधी कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून गोळ्या काढायच्या आधी सगळ्या वस्तीने मिळून अख्खा पट्टा फावड्याने पालथा घालायचा. खालची रेती वर, वरची खाली. शेजाऱ्याच्या वाट्याला घाण जाऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. कुणी चुकारपणा केला तर त्याला वर्षभर बोलणी खावी लागत.

तर त्यांनी पट्टा पालथा घातला. मधल्या तुकड्यासकट. त्या तुकड्यावर तर जास्तच मेहनत घेतली, दोन हात जास्त फिरवले, कारण तोच घाण होता.

अमीनभाईने पाहिलं, त्याला काय कळणार? त्याला वाटलं, ही यांची रीत असेल. आणि रीतच होती ती. त्याच आठवड्यात रब्बीसाठी धरणातून पाणी सुटलं. तीन दिवस नदी फूट-दीड फूट चढली आणि मग उतरली.

अकरा दिवसांनी अभिमन आला तेव्हा त्याने घाटावरून खाली पाहिलं. पट्टा पांढराशुभ्र. उन्हात डोळे दिपावेत असा. बाया घाटावर बसून गोळ्या धूत होत्या.

"पालथी केली का रेती?" त्याने विचारलं.

"मंग?" कुंदाबाई म्हणाली. "तशीच ठेवसू का? तुन्हा साहेब इसन काय म्हनतीन, भोई घाणेरडा शेत?"

लाल खुणेच्या तुकड्यातलं तेल आता आणखी खाली पुरलं गेलं असेल, हे त्याच्या ध्यानात आलं. पण बेबाबाई हसत होती. ती या वर्षी गोळ्या काढणार होती. जुनी वडीलधारी पावसाळ्यात वारली, मान आता तिचा. तिने धुतलेलं लुगडं नेसलं होतं. तेलाच्या दिवसांपासून तिच्या चेहऱ्यावर अशी सकाळ त्याने पाहिली नव्हती.

फॉर्मप्रमाणे दर शंभर मीटरला अर्ध्या मीटरचा खड्डा घ्यायचा होता. त्याने घेतले. वरच्या भागात रेती स्वच्छ निघाली. मधल्या तुकड्यात दोन खड्ड्यांत चहासारखा रंग दिसला, हुंगल्यावर पुसट वास. तेल मात्र नाही. फॉर्ममध्ये त्याला शब्द होता: 'केवळ डाग'. त्यापुढे लिहिलं होतं: आणखी उपाय नको.

तो तिसऱ्या खड्ड्यात गुडघ्यावर बसला होता. झिपरू आबा काठीवर हनुवटी ठेवून वरून पाहत होता.

"पानीलगून खंद ना, भो. आर्धामा काय दिसी?"

डांगराचा खड्डा पाण्यापर्यंत खणतात. कमरेइतकं खोल जायचं, पायाच्या बोटांना ओल लागली की थांबायचं. मग त्यात खत घालायचं आणि वर बी, म्हणजे वेलाची मुळं पाणी शोधत खाली जातात. हे अभिमनला कुणी शिकवायची गरज नव्हती. सातव्या वर्षी फुईच्या नवऱ्याने, फुवाने, त्याला अशा खड्ड्यात उतरवून विचारलं होतं, "पाय गार लागना का?" गार लागल्याशिवाय वर यायचं नाही.

त्याने खोरं उचललं. आणखी वीतभर खणलं. वास वाढला की नाही, हे त्याला नक्की ठरवता येईना. स्वतःच्या नाकावर त्याचा कधीच विश्वास नव्हता. आणखी एक हात गेला असता तर पाणी लागलं असतं.

"अभिमन!" घाटावरून फुईची हाक आली. "पुरं कर आते! चहा थंडा व्हई ऱ्हायना, गोळ्या काढानी येळ उनी!"

त्याने एकदा खड्ड्यात पाहिलं, एकदा घाटाकडे. मग त्याने खोऱ्याने खड्डा लोटून घेतला, फॉर्मवर 'केवळ डाग' लिहिलं, सही केली आणि वर चहा प्यायला गेला. बेबाबाईने पहिली गोळी काढली ती नेमकी तिचीच निघाली. वाटा मधल्या तुकड्यात पडला. सगळे ओरडले, थट्टा झाली. "फुईनी हातचलाखी करी!" कुंदाबाई म्हणाली.

सहीने कागद बंद झाला. मिलचे मजूर दुसऱ्या दिवशी गेले. ट्रॅक्टर आला नाही. निंबाखाली पाचशे-सहाशे काळ्या गोण्या तशाच राहिल्या. जाताना अमीनभाई अभिमनला म्हणाला, "आपने लिख दिया ना, बस. नहीं तो मैं और पंधरा दिन रख लेता इनको." त्याने ते आभार मानायच्या सुरात म्हटलं होतं.

पौषात, एका बुधवारी दुपारी, शिपायाने येऊन सांगितलं की बाहेर एक म्हातारी बसली आहे, मोरेसाहेबच पाहिजेत म्हणते.

बेबाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. ती जळगावच्या ऑफिसात कधी आली नव्हती. पुढ्यात पितळेचा लोटा, वर वडाचं पान सुतळीने बांधलेलं. चोपड्याहून यष्टीत तीन तास तिने तो मांडीवर धरला होता, थेंब सांडू दिला नव्हता.

"हे वाच," ती म्हणाली. "शिकेल शे ना तू. वाच आनि सांग काय शे."

त्याने पान सोडलं. पाण्यावर काळी साय होती. वाऱ्याने ती हलली तसे तिच्यात मोरपिसाचे रंग उठले.

"कुठला खड्डा?"

"एक नही, बठ्ठा खड्डासमा शे. चौसष्ट खंद्यात. पाय गार लागस, आनि काळा व्हस."

पाणी चढलं तेव्हा पुरलेलं तेल त्याच्यावर तरंगत वर आलं, पाणी उतरलं तसं त्याच्याबरोबर खाली गेलं आणि जिथे पाणी थांबलं तिथे तेही थांबलं. बरोबर डांगराच्या मुळाच्या खोलीवर. हे तो एखाद्या विद्यार्थ्याला फळ्यावर काढून दाखवू शकला असता. फुईपुढे त्याने नुसतं पान परत लोट्यावर ठेवलं. तीच म्हणाली, "त्या दिशी चहा नही पेता तर बरं व्हतं ना?"

तिने ते टोमणा म्हणून म्हटलं की आपणच हाक मारली म्हणून, हे त्याला कळलं नाही.

तो लोटा घेऊन साहेबाच्या खोलीत गेला. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने लोट्यात पाहिलं, फाईल मागवली, चष्मा लावून वाचली.

"ही सही तुमचीच ना, मोरे?"

"हो साहेब. चुकली. मी पुरतं खणलं नाही."

"पण तुम्ही फॉर्मप्रमाणे खणलंय. अर्धा मीटर. चूक कुठे आहे?"

"पाणी खाली होतं, साहेब."

"म्हणजे हे भूजलात आलं." साहेबाने चष्मा काढला. "काठाची पाहणी आपली. भूजल आपल्याकडे नाही. त्यांना लिहा. लिहा तुम्ही, मी सही करतो. आणि मिलला आता पुन्हा बोलवायचं कशाच्या जोरावर? साफ झालं म्हणून आपणच कळवलंय त्यांना."

अभिमनने पत्र लिहिलं. त्या कार्यालयाने ते पुढे पाठवलं, पुढच्याने मागवलेली माहिती त्याने पाठवली, मग काही आलं नाही. त्याने स्वतःच्या नावाने आणखी दोन पत्रं लिहिली. तिसऱ्याचा मसुदा त्याने चार वेळा फाडला. प्रत्येक वेळी वाटे, आपल्याला हे नीट मांडता येत नाही, दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर झालं असतं. आपला दोषही त्याने त्यात स्पष्ट लिहिला होता. तो वाचून कुणी रागावलंसुद्धा नाही.

माघात रजा घेऊन तो करंजघाटला गेला. कुंदाबाईने आणि इतर चारदोन घरांनी तरीही बी लावलं होतं. रोपं चार पानांवर आली, मग पानांच्या कडा पिवळ्या पडल्या, जणू कुणी विस्तवाजवळ धरली असावीत. निंबाखालच्या गोण्या उन्हाने फाटल्या होत्या आणि त्यांच्यातून काळी रेती उतारावरून नदीकडे परत निघाली होती.

बेबाबाईने बी लावलंच नव्हतं. ती खड्डे बुजवत होती.

"कशाला, फुई? राहू दे ना."

"उघडा खड्डा सोडाना नही. ढोरना पाय मोडस." ती फावडं थांबवून म्हणाली, "परवा सावद्याले जाई ऱ्हायनू. केळी भरनारासना मुकादमनी हो म्हनं. घड नही देवाव, पाला बांधाले ठेवी."

त्याने पायजमा वर दुमडला आणि दुसरं फावडं घेतलं. दुपार होईपर्यंत दोघांनी खड्डे बुजवले. झिपरू आबा घाटावर येऊन बसला. काही वेळाने त्याने विचारलं, "कितला आना शे रे आते?" वरून पाहिलं तर काहीच नव्हतं, सबंध पट्टा पांढरा. अभिमनने मान हलवली.

शेवटच्या खड्ड्यात अभिमन उतरला. चपला वर काढून ठेवल्या होत्या. कमरेइतकं खाली गेल्यावर पायाला गार लागलं. त्याने पाऊल उचलून पाहिलं, तळवा काळा. वर बेबाबाई बसली होती, तिच्या मांडीवर राखेने भरलेलं मडकं, राखेत बी. तिच्या सासूकडून आलेलं, दर वर्षी लावून दर वर्षी परत धरलेलं. डांगराचं बी दोन वर्षं थांबतं, तिसऱ्या वर्षी रुसतं, हे तिथे पोराठोरांना ठाऊक.

"कितला वरीस लागतीन रे?" तिने विचारलं.

त्याने वाचलेलं सगळं त्याच्या डोक्यातून गेलं. पाच, दहा, एका ठिकाणी तर वीस. थंड देशांतले आकडे, दगडी किनाऱ्यांवरचे. तापीच्या रेतीबद्दल कुणी काही लिहिलेलं त्याला मिळालं नव्हतं. होईल, साफ होईल, असं म्हणायची त्याची जीभ एकदा चालली होती.

"मला माहीत नाही, फुई."

तिने मान डोलावली. अंगणात बसून गव्हातले खडे वेचावेत तसं ती राखेत बोटं फिरवू लागली. एक बी काढलं, पदराला पुसलं, दातांत धरून फोडलं. साल थुंकली आणि आतला गर खाल्ला. मग दुसरं फोडलं आणि खाली वाकून, खड्ड्यात उभ्या असलेल्या त्याच्या तळहातावर गर ठेवला.

"खा," ती म्हणाली. "ताजं शे."